मामाजींच्या पिवळ्या फुल्या

इंटरनेटवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा आणि त्याच इंटरनेटला चारचौघांत खोटारडं म्हणणारा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा सासरा आहे. आम्हा दुर्ग-भिलाईच्या मराठी लोकांत सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. या मामाजींनी गेल्या दोन वर्षांत मला ज्या ज्या हॉटेलांत नेऊन जेवू घातलं, तिथं मी माझ्या शत्रूलाही नेणार नाही. तसा मला शत्रू एकच आहे, मी जिथं शिकवतो त्या कोचिंग क्लासमधला फिजिक्सचा सर, पण त्यालासुद्धा नाही. जावई म्हणून सासुरवाडीत माझी जी काही पुण्याई होती, ती सगळी मी वातड नान आणि आंबलेला रायता पचवण्यात खर्च केली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायची वेळ निघून गेली, आणि पुढं जे झालं त्यानंतर मला तक्रारीला तोंडच उरलं नाही.

मामाजी चौतीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटात, प्लेट मिलमध्ये, इन्स्पेक्शनला होते. काम सोपं, पण करणारा माणूस अवघड पाहिजे. लोखंडाची भलीमोठी प्लेट लाटून, थंड होऊन पुढं आली की हे तिच्यावरून टॉर्च मारत चालायचे, आणि जिथं भेग, फोड, ओरखडा दिसेल तिथं पिवळ्या खडूनं फुली मारायचे. एक फुली असली तर घासूनपुसून चालतं, तीन झाल्या तर साहेबाला दाखवायचं, आणि पाच फुल्या पडल्या की प्लेट गेली भंगारात. दुसरा नियम मामाजींनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. तो असा की तपासणाऱ्यानं प्लेट लाटणाऱ्याशी बोलायचं नाही, ना चांगलं ना वाईट. बोललं की ओळख होते, ओळख झाली की चहा होतो, आणि चहा झाला की फुली मारताना हात जड होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चौतीस वर्षांत प्लांटात कोणाचा चहा घेतला नाही. घरून थर्मास न्यायचे.

हे प्लांटात शोभून दिसत होतं, पण मामाजी शिफ्ट संपली की खडू खिशात घालून घरी येत. भाजीबाजारात भर दुपारी दुधीवर टॉर्च मारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, मी पाहिला आहे आणि त्याच्या मागे पिशवी धरून उभाही राहिलो आहे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मामाजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहापोहे होईपर्यंत नुसते माझ्याभोवती दोनदा फिरून आले. लग्नानंतर बायकोनं सांगितलं की माझ्या बायोडाटाच्या मागं दोन पिवळ्या फुल्या होत्या. एक उंचीची. दुसरी कशाची हे ती बारा वर्षं झाली तरी सांगत नाही, आणि मीही आता विचारणं सोडलं आहे.

सासूबाईंचे हाल तर विचारूच नका. स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं, आणि ज्या दिवशी भाजीत काही कमी-जास्त होई त्या तारखेवर मामाजी फुली मारून हात धुवायला जात. तोंडानं अवाक्षर नाही. भाजी चांगली झाली की तारीख कोरी राहायची, आणि त्या कोऱ्या तारखेकडे पाहून बाईनं काय ते खूश व्हायचं. मग मामाजी रिटायर झाले. निरोपाचा हार गळ्यात घेऊनच ते दारातून आत आले, आणि सासूबाईंनी तिथंच जाहीर केलं, "तुमी रिटायर झाले, मंग मीबी रिटायर. सकाळचं करीन. संध्याकाळचं तुमचं तुमी पाहा." त्या संध्याकाळी त्या वाटीत दूध-पोहे घेऊन टीव्हीसमोर बसल्या, आणि आजतागायत संध्याकाळी त्यांनी शेगडी पेटवलेली नाही. मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही.

तर अशा रीतीनं वैशाली नगरच्या त्या घरात रोज संध्याकाळी कुठं जेवायचं हा प्रश्न उभा राहिला. माझ्या बायकोनं बापाला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, त्यात भिलाईतली हॉटेलं उघडून दाखवली, आणि म्हणाली, बाबा, हे पाहा, लोक जेवून येतात आणि प्रत्येक हॉटेलाला अशा पिवळ्या खुणा करतात, त्या पाहून ठरवत जा. एवढं अर्धवट सांगून ती कुकरकडे पळाली. मामाजी फोनकडे पाहत राहिले. सासूबाई सांगतात की त्यांचे डोळे भरून आले होते. ज्या कामात आपण जन्म घालवला, जे घरात कोणाला कधी आवडलं नाही, ते आता अख्खं गाव आपणहून करतं आहे, आणि तेही पिवळ्याच रंगात, हे पाहून त्यांना भडभडून आलं. त्या दिवसापासून मामाजी पुन्हा ड्युटीवर गेले.

आठवड्यातून दोनदा तरी ते मला आणि बायकोला सोबत न्यायचे. "नेटवर पाहून ठरवलं," एवढंच सांगायचे आणि फोन छातीशी धरून पुढं चालायचे, कारण रिपोर्ट दुसऱ्याला दाखवायचा नसतो. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी हायवेवरचं एक हॉटेल शोधून काढलं. आत गेलो तर दोन टेबलं जोडून वेटर झोपलेला. त्याला उठवलं, तर त्यानं आम्हाला नीट न्याहाळून विचारलं, "आप लोग सच में खाना खाएंगे?" आचारी घरी होता, त्याला फोन करून बोलावलं. तो आल्या आल्या आम्हाला पाहायला बाहेर आला, आणि गिऱ्हाईक खरंच आहे याची खात्री करून आत गेला. पनीर आलं ते चमच्यानं दाबलं की खाली जाई आणि चमचा उचलला की परत वर येई. मामाजींनी प्लेटवर टॉर्च मारला. बायको माझ्याकडे पाहत होती आणि मी पंख्याकडे पाहत होतो, कारण तो एका बाजूनं सुटला होता.

दुसऱ्या एका ठिकाणी मामाजींना इडलीवर टॉर्च मारताना मालकानं पाहिलं, आणि हा सरकारी फूडवाला साहेब आहे असं समजून तो मिठाईचा डबा घेऊन धावत आला. मामाजींनी डबा परत केला आणि बाहेर येऊन फोनवर त्याचीही नोंद केली. खुर्सीपारच्या रस्त्याला एक डोसेवाला होता, त्याचा डोसा आम्ही तिघांनी तिन्ही बाजूंनी ओढला तरी फाटला नाही. घरी आलो की मी पुदिन्याचा अर्क घ्यायचो आणि मामाजी खुर्चीत बसून जगाची कीव करायचे. त्यांचा सिद्धांत ठरलेला होता. नेटवर जे लोक लिहितात ते कधी जेवतच नाहीत. लिहितात एक आणि निघतं भलतंच. पण म्हणून आपण सोडून द्यायचं नाही. सगळे खोटं लिहून राहिले तर एक माणूस तरी खरं लिहिणारा पाहिजे, आणि तो माणूस मी आहे. हे ऐकून मला गहिवरून यायचं, पण ते बहुतेक पोटामुळं असावं.

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नाही. सगळ्यात भिकार हॉटेलांचे मालक मामाजींना पाहून उठून उभे राहायचे. त्या सुटलेल्या पंख्याच्या हॉटेलात आम्ही दुसऱ्यांदा गेलो, कारण मामाजी सुधारणा झाली का हे पाहायला एकदा परत जातात. तेव्हा मालकानं स्वतः खुर्ची पुसली, पापड फुकट दिले, आणि काउंटरमागे काहीतरी फ्रेम करून लावलं होतं तिकडे हात करून नमस्कार केला. मी मामाजींना विचारलं, हे काय? ते म्हणाले, धाक हाय. इन्स्पेक्शनवाल्याचा धाक असतो. मीही मान डोलावली आणि पापड खाल्ला. तिथला तेवढाच खाण्यासारखा होता.

मग एका संध्याकाळी मामाजींचा फोन आला की लगेच नेहरू नगरला या, तुमच्या क्लासच्या मागच्या गल्लीत. मी गेलो तर मामाजी एका नव्या पाटीखाली उभे, चेहरा उजळलेला. "जवाईबापू, नेटवर पाहा, एकबी फुली नाही. कोरी प्लेट हाय."

ती मेस होती. चालवणाऱ्या ताई भंडाऱ्याकडच्या, राहायला खुर्सीपारला, पन्नाशीच्या आसपास. बावीस वर्षं त्यांनी प्लांटच्या टाउनशिपमधल्या चार घरी स्वयंपाक केला होता, आणि आता ती चारही घरं सोडून भाड्याची ही एक खोली घेतली होती. पाटीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या ती पाटी दिसली का हे विचारत. आमच्या क्लासची पोरं आणि दोन-चार ठेकेदारीतली माणसं जेवायला येत. त्या दिवशी पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या, लालभडक तर्री, वर कोथिंबीर, बाजूला गरम भात आणि मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा घातलेलं वरण. मी पहिला घास घेतला आणि दोन वर्षांचं सगळं विसरलो. मामाजींनी टॉर्च काढला, वाटीवर धरला, आणि बंद करून खिशात ठेवला. दोन वर्षांत टॉर्च इतक्या लवकर बंद झालेला मी पाहिला नव्हता. चौथ्यांदा भात घेतला तरी ते ताईंशी काही बोलले नाहीत, कारण लाटणाऱ्याशी बोलायचं नसतं. बाहेर येऊन त्यांनी फोनवर लिहिलं, ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं: काही दोष नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे तीन शब्द त्यांनी फार कमी वेळा लिहिले होते, असं ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही दुसरीकडे गेलोच नाही. मामाजी रोज संध्याकाळी तिथं, आणि सासूबाईंसाठी डबा. सासूबाईंनी पहिल्यांदा रस्सा खाल्ला तेव्हा टीव्हीचा आवाज कमी केला होता. पण दोन महिने झाले आणि एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. मेसमधली पोरं कमी झाली. आधी वीसेक ताटं लागायची, ती बारावर आली, मग सात. नवीन पोरं येईनात. मी वर्गात सांगितलं की मागच्या गल्लीत चांगली मेस आहे, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, वो एक स्टार वाली?" आणि सगळे हसले. आजकालच्या पोरांना घरच्या चवीची किंमत नाही, असं मनात म्हणून मी फळ्याकडे वळलो. मी जरा वळून फोन उघडला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी शिक्षक माणूस, पोरांचं ऐकायची सवय नाही.

मामाजींना मेस ओस पडताना पाहवेना. त्यांनी मनाशी ठरवलं की एका माणसाचा रिपोर्ट पुरत नाही, साक्षीदार पाहिजेत. मग त्यांनी सासूबाईंच्या फोनवरून लिहिलं. बायकोच्या फोनवरून लिहिलं. वैशाली नगरात एका नातवाचं बारसं होतं, तिथं ते पाळण्याकडे फिरकलेच नाहीत. साठीच्या पुढचे जेवढे नातेवाईक होते तेवढ्यांचे फोन गोळा करून कोपऱ्यात बसले आणि एकेक भरत राहिले. तरुण मंडळी फोन जिवापाड जपतात, त्यामुळं ती वाचली. म्हाताऱ्यांना वाटलं की हा काहीतरी पेन्शनचं करतो आहे, म्हणून ते रांगेत उभे राहून आपापले फोन देऊन गेले. आणि गिऱ्हाईक जितकं कमी होई तितके मामाजी जास्त फोन शोधत.

इकडे ताईंच्या स्वयंपाकाचंही काहीतरी बिनसत चाललं होतं. रस्सा एक दिवस फिका आला. मग एक दिवस त्यात टमाटरच टमाटर. मग तेल नाहीसं झालं. एका शनिवारी तर पातोडीवर पांढरी मलई होती, आणि मी ती वाटी फिरवून फिरवून पाहिली की ही आपलीच आहे ना. ताई पूर्वी वाढताना गप्पा मारत, आता त्या आतल्या दारात उभ्या राहून मामाजींच्या तोंडाकडे पाहत. मामाजी जेवत, काही बोलत नसत, आणि बाहेर येऊन लिहीत. त्यांच्या मते बाई प्रयोग करून राहिली होती, आणि प्रयोगाला दोष म्हणत नाहीत.

आणि मग सासूबाई मामाजींच्या चष्म्यावर बसल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवून मेसबाहेर स्कूटरजवळ आलो, आणि मामाजींनी फोन माझ्या हातात दिला.

"जवाईबापू, मले दिसून नाही राहिलं. तुमीच भरा. लिवा, काही दोष नाही. अन् फुली एक."

मी म्हणालो, "एकच?"

"मंग किती? दुसरा दोष दाखवा मले, दोन मारतो."

मी म्हणालो, "मामाजी, एक म्हणजे सगळ्यात वाईट."

"एक म्हणजे सगळ्यात कमी दोष," ते शांतपणे म्हणाले. "शून्य माराव म्हणलं तर फोन पुढंच जात नाही. त्या फोनवाल्यायलेबी समजते, बिनदोषाची वस्तू जगात नसते."

मी स्कूटरच्या सीटवर बसलो आणि त्यांना समजावून सांगितलं. पोरांना एक समीकरण शिकवायला मला तास लागतो, मामाजींना मिनिटभरही लागलं नाही, कारण ते हुशार आहेत. ते फक्त एवढंच म्हणाले, "पाच म्हणजे चांगलं?" मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "कोनं ठरवलं?" मी त्यांच्या फोनमधले जुने रिपोर्ट उघडले.

फोन चाळत गेलो तशी दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उलटी होत गेली. मामाजी दर वेळी गावातलं सगळ्यात कमी खुणांचं हॉटेल निवडत होते, म्हणजे जिथं लोकांनी कानाला खडा लावला होता नेमकं तेच. तिथं जाऊन पोट बिघडवून घेत होते, आणि मग संतापून त्याला पाचच्या पाच देत होते. तो सुटलेल्या पंख्याचा मालक उगाच नमस्कार करत नव्हता. मामाजींनी त्याच्याबद्दल लिहिलं होतं की पनीर रबराचं, तेल तीन दिवसांचं, ग्लासाला वास, आणि वर पाच झगझगीत स्टार. खालचं कोणी वाचत नाही, त्यानं वरचं तेवढं कापून फ्रेम केलं होतं. आणि ताईंच्या मेसवर ओळीनं एक, एक, एक, आणि प्रत्येकाखाली 'काही दोष नाही'. लोकांना तो टोमणा वाटला होता. कोणीतरी खाली हसणारे चेहरे टाकले होते. त्या ओळीत माझंही नाव होतं. मी हात धुवायला गेलो असताना मामाजींनी माझ्याही फोनवरून आपलं कर्तव्य केलं होतं.

मामाजी त्या रात्री झोपले की नाही मला माहीत नाही. सकाळी साडेनऊला ते माझ्या दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आम्ही मेसवर गेलो. ताई भाजी चिरत होत्या. चौतीस वर्षांत जो माणूस लाटणाऱ्याशी बोलला नव्हता, तो आता दारातच उभा राहून बोलायला लागला, आणि सवय नसल्यामुळं सगळं उलटंसुलटं बोलला. आधी प्लेट मिल, मग खडू, मग फोन. ताईंनी विळी बाजूला सारली.

"मले माहीत होतं, काकाजी," त्या म्हणाल्या. "तुमचा फोटो दिसते न तिथं. यायचाबी दिसते."

यायचा म्हणजे माझा. मी जमिनीकडे पाहिलं.

"मंग बोलल्या कावून नाही?"

"काय बोलू जी? यायनंच सांगितलं होतं, तुमी लोखंडातली खोट पाहणारे. तुमाले दिसली म्हणजे असनच. म्हणून रोज बदलून पाहिलं. तिखट कमी केलं, तेल कमी केलं, टमाटर टाकून पाहिलं." त्यांनी पदरानं हात पुसले. "आता मलेच समजून नाही राहिलं, माझा रस्सा पहिले कसा होता ते."

हे त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुढं सांगितलं की महिनाअखेरीला खोली सोडणार आहेत, टाउनशिपमधल्या जुन्या दोन घरी बोलून ठेवलं आहे, त्यांनी पोळ्यांना परत घ्यायचं कबूल केलं आहे. मामाजी नुसतं आठ दिवस थांबा म्हणाले, आणि निघाले.

ते आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही. बारशाला आलेल्या म्हाताऱ्यांची यादी करून आम्ही स्कूटरवर भिलाई पालथी घातली. एका काकांना फोनचं कुलूपच आठवेना. त्यांनी नातवाचं नाव टाकलं, देवाचं टाकलं, शेवटी गेलेल्या म्हशीचं नाव टाकलं आणि उघडला. एका आजोबांनी स्टार बदलायला साफ नकार दिला. न जेवता सही करणार नाही म्हणाले. मामाजींना ते इतकं पटलं की त्यांना स्कूटरवर मधे बसवून मेसवर नेलं, जेवू घातलं आणि मगच फोन मागितला. फ्रेमवाल्या हॉटेलात जाऊन मामाजींनी त्याच्यासमोरच पाचाचा एक केला. तो बिचारा म्हणाला, साहब, हमसे क्या गलती हुई? मामाजींनी त्या फुकटच्या पापडांची किंमत टेबलावर ठेवली. बाहेर येऊन म्हणाले की चहा टाळला जन्मभर, अन् शेवटी पापडात सापडलो. घरी सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की टीव्ही बंद करावा लागला. मग मामाजींना म्हणाल्या की त्या बाईले तोंडानं सांगून या, फोनवर नका लिवू. चाळीस वर्षांचं काहीतरी त्या एका वाक्यात होतं. मामाजी चपला घालायला लागले.

आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मेसवर गेलो. कोपऱ्यात दोन नवीन पोरं बसली होती, बालोदहून आलेली, आणि त्यांतल्या एकाची आई फोन आणि पाटी आळीपाळीनं पाहत होती. ताईंनी त्या दिवशी ठरवून पहिल्यासारखाच रस्सा केला होता. टमाटर नाही, मलई नाही. वाटी लालभडक, वर तर्री. त्यांनी वाढलं आणि आत गेल्या नाहीत. पदर मुठीत धरून आमच्याच टेबलाजवळ उभ्या राहिल्या.

मी घास घेतला. रश्श्यात मीठ नव्हतं. थोडं कमी नव्हे, मुळातच नव्हतं. माझा हात आपसूक मिठाच्या वाटीकडे गेला, आणि टेबलाखाली मामाजींनी माझं मनगट पकडलं. लोखंडावर चाललेल्या माणसाची पकड होती ती, दोन दिवस वळ राहिला. त्यांनी स्वतः दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, सावकाश.

"कसा झाला, काकाजी?" ताईंनी विचारलं.

मामाजींनी मान वर करून त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "काही दोष नाही, ताई," ते म्हणाले. "आज तोंडानं सांगून राहिलो. पहिल्या दिवशीबी नव्हता. अजून वाढा."

ताईंचा चेहरा मला नीट सांगता येणार नाही. त्या रिकामी वाटी घेऊन आत गेल्या, आणि आतून पळीचा आवाज यायला लागला, भराभर. मी हळूच म्हणालो, मामाजी, मीठ नाही हो यात.

"मले समजते न," ते तितक्याच हळू म्हणाले. "मीठ उद्या पडन. आज तिचा हात बसू द्या."

मग ताई दुसरी वाटी घेऊन आल्या, आणि आम्ही दोघांनी ती खाली एक थेंब न ठेवता संपवली.